कन्सोलवर ज्ञानेश

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

पोचले एकदाची. बारामती स्टँडवर भाऊबीज उरकून सासरी निघालेल्या बायकांची एवढी झुंबड होती की माझी हत्यारांची पेटी कुणाच्यातरी फराळाच्या डब्यांबरोबर जाता जाता वाचली. सणसरच्या गाडीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मध्येच एखादी वस्ती, पत्र्यावर वाळत घातलेल्या गोधड्या. शेजारच्या आजींनी मी कुणाची, कुठली, लग्न झालं का, हे सगळं विचारून घेतलं आणि उतरताना हातावर दोन शंकरपाळी ठेवली. नाशिक रोडला इतकी वर्षं राहून एवढी चौकशी कुणी केली नव्हती. मला मजा वाटली.

‘सोनकिरण शुगर्स’ हा खासगी कारखाना सणसरपासून आत, ओढ्याच्या कडेला आहे. साखर आणि शेजारी मद्यार्काचा प्रकल्प. गाळप सुरू होताना मोळीपूजन असतं, त्याच्या आत जुना राउटर काढून नवा बसवायचा, एवढंच माझं काम. राउटर म्हणजे कारखान्याच्या सगळ्या संगणकांचा नाका. वजनकाटा, उसाच्या पावत्या, ऑफिस, कॅमेरे, सगळ्यांची ये-जा त्याच्यातून. पुण्याची आमची कंपनी म्हणाली की काम आवडलं तर पूर्ण हंगाम तुलाच ठेवून घेतील. बाबांना हे ऐकून बरं वाटलं. आमच्या घरात साइटवर एकटी राहणारी मी पहिलीच.

कारखाना मालकांच्या मुलाकडे आहे, युवराजदादा. पस्तिशीचा, हळू बोलणारा माणूस. ‘मॅडम’ म्हणून स्वतः खुर्ची पुढे केली, स्वतः चहा ओतून दिला. म्हणाले की गेल्या हंगामात पहिल्याच दिवशी नेटवर्क पडलं आणि वडिलांनी चारचौघांत त्यांची शोभा केली. या वर्षी तसं होता कामा नये. मी म्हटलं, होणार नाही.

राहायची सोय म्हाळसाकाकूंकडे झाली आहे. ऑफिसची झाडलोट त्याच करतात. एकट्याच असतात. नवरा कधीच गेला, मुलाचं नाव ज्ञानेश, तो ‘कारखान्यातच असतो’ म्हणाल्या. रात्रपाळी असेल. बाजरीची भाकरी आणि भिगवणच्या माशांचं कालवण. दोन भाकऱ्या जास्तच खाल्ल्या.

रविवार, २६ ऑक्टोबर

नेटवर्कची खोली पाहिली आणि कपाळाला हात लावला. खिडकी नाही. लोखंडी दार, त्याला आतून मूठच नाही, कुणीतरी काढून नेलेली. बाहेरून कडी. आत एक रॅक, एक टेबल, एक खुर्ची. भिंतीच्या पलीकडे मळी आंबवायच्या टाक्यांचं शेड. दार उघडं राहावं म्हणून मी एक वीट लावून ठेवते.

खोलीत मोबाइलला रेंज नाही. म्हणून मॅनेजमेंटची केबल भिंतीतल्या डक्टमधून, म्हणजे केबलींसाठी जमिनीलगत ठेवलेल्या भोकातून, पलीकडे न्यायची ठरवली. तिथं टाक्यांच्या शेडवर सिमकार्डाची छोटी डबी बसवायची. डक्टचं तोंड सिमेंटनं बुजवलेलं होतं. का ते कुणाला सांगता येईना. गवंड्याकडून फोडून घेतलं. आता केबल छान सरळ जाते.

म्हाळसाकाकू झाडू घेऊन आल्या होत्या, त्यांना सगळं समजून घ्यायचं होतं. मी खूश. घरी माझं काम कुणी इतक्या लक्ष देऊन ऐकत नाही. सांगितलं की राउटरला कामाच्या दोन वेगळ्या केबली असतात. एक निळी, चपटी, ती कन्सोलची. तिचं एक टोक राउटरला, दुसरं माझ्या लॅपटॉपला. नेटवर्क बंद असो, जग बुडो, या केबलीवरून राउटरशी बोलता येतं. पण त्यासाठी माणूस इथं, या खुर्चीवर बसलेला लागतो, आणि एका वेळी एकच बसू शकतो. दुसरी पिवळी, मॅनेजमेंटची. ती लागली की पुण्यात बसूनही राउटर सांभाळता येतो.

त्यांनी विचारलं, म्हंजी दुसरी लागली की हितं कुणी बसायला नको?

मी म्हटलं, अगदी बरोबर, कुणीही नको. एवढं पटकन आमच्या ट्रेनी पोरांनाही कळत नाही.

काकूंनी झाडू उचलला आणि गेल्या.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

नवा राउटर रॅकमध्ये चढला. पट्ट्या लावल्या, अर्थिंग दिलं, निळी केबल जोडली, आणि पडद्यावर त्याची पहिली ओळ उमटली तेव्हा नेहमीसारखा आनंद झाला. बाळानं टॅहाँ करावं तसं ते असतं. दुपारपर्यंत नाव, पत्ते, पासवर्ड सगळं घातलं. पिवळी केबल लावली, हिरवा दिवा लागला, बाहेर रेंजमध्ये आले तर पुण्याहून फोन आला की राउटर दिसतोय. मी तशीच रसवंतीवर जाऊन एक ग्लास रस प्यायले.

परत आले तर पिवळी केबल निघालेली. तुटली नव्हती. कुणी नीट चिमटी दाबून काढावी तशी निघाली होती, आणि टोक रॅकच्या मागे दुमडून ठेवलं होतं. पुन्हा लावली. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा तसंच.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालंय. लिहितेच. राउटरवर आत्ता कोण कोण आहे हे एका आदेशानं कळतं. मी कन्सोलवर होते, तर तिथं माझं नाव दिसायला हवं. तिथं ‘ज्ञानेश’ दिसलं. या राउटरवर त्या नावाचा कुणी मी बनवलेलाच नाही. खोकं आजच फोडलंय. मी बाहेर पडून पुन्हा आत आले. माझं नाव आलं. मग थोड्या वेळानं पुन्हा ज्ञानेश.

कन्सोलवर फक्त खुर्चीतला माणूस असतो. खुर्चीत मी होते.

म्हाळसाकाकूंना सहज विचारलं की तुमचा ज्ञानेश काय काम करतो. म्हणाल्या, तुमचंच.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज माझी बोटं कीबोर्डवर नव्हती. दोन्ही हातांत चहाचा कप होता. आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली, एकेक करून, चाचपडत टाइप केल्यासारखी. इंग्रजी अक्षरं, शब्द मराठी. ‘आई’.

राउटरला मराठी कुठली कळते. त्यानं नेहमीसारखं खाली उत्तर छापलं की आदेश चुकीचा आहे, आणि पहिल्या अक्षराखाली चुकीची खूण केली. पुन्हा ‘आई’. पुन्हा चूक. कितीतरी वेळ तेच.

कप खाली ठेवताना चहा सांडला. दारात म्हाळसाकाकू उभ्या होत्या. घाबरलेल्या नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, नाव पुकारायच्या वेळी.

“आला व्हय?” त्यांनी विचारलं.

मग जमिनीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं, शांतपणे. ज्ञानेश हाच इथला इंजिनिअर. गेल्या हंगामाच्या पहिल्या दिवशी याच खुर्चीत गेला. हार्टनं गेला असं डॉक्टरनी लिहून दिलं. त्याच्या जागी कारखान्यानं आईला झाडलोटीला घेतलं. त्याच्यानंतर आलेल्या पोराला पडद्यावर ही अक्षरं दिसली. तो थोडे दिवस काकूंना वाचून दाखवायचा, मग एक दिवस पेटी तशीच टाकून पळाला. काकूंना मराठी वाचता येतं, ही अक्षरं येत नाहीत. आणि खुर्चीत कुणी बसल्याशिवाय तो येतच नाही. कन्सोलवर माणूस लागतोच.

त्यांनी माझे पाय धरले. मी घाईनं त्यांना उठवलं. म्हटलं, तो आई म्हणतोय.

किती रडल्या. मग म्हणाल्या, त्याला विचार जेवला का.

मी विचारलं. हसू येईल कुणाला, राउटरच्या कन्सोलवर मी ‘जेवलास का’ असं टाइप केलं. राउटर म्हणाला आदेश चुकीचा. पण खाली उत्तर आलं. उत्तर होतं ‘दार’.

मी काकूंना सांगितलं की तो म्हणतोय, जेवलो.

शनिवार, १ नोव्हेंबर

काल आणि आज काम कमी आणि हेच जास्त. काकू दार लोटून घेतात, रॅकजवळ गोणपाट टाकून बसतात आणि एकेक विचारतात. तुझ्या कमरेचं दुखणं कसंय. थंडी वाजती का. तुझी गाडी मामाला दिली, चालंल ना.

वर येतं ते असं. ‘दार.’ ‘दादा दार.’ ‘श्वास.’ ‘डोकं.’ ‘आई.’ ‘दार.’ प्रत्येकाखाली राउटरची चुकीची खूण.

मी वाचते ते असं. आता दुखत नाही. थंडी नाही. मामाला दिलीस ते बरं केलंस. जेवून झोपतो.

मला दुसरं सुचत नाही. पहिल्या दिवशी दयेपोटी सांगितलं, आता उलटं फिरता येत नाही. काकूंचा चेहरा तीन दिवसांत भरलाय. सकाळी माझ्या डोक्याला तेल लावून देतात. काल त्यांनी विचारलं की जाताना त्याला त्रास झाला का. पडद्यावर तेव्हा नुसता ‘श्वास’ ‘श्वास’ चालला होता. मी म्हटलं, म्हणतोय कळलंसुद्धा नाही गं आई.

रात्री बाबांना फोन केला. आवाज ऐकून म्हणाले, बरं नाही का? मी म्हटलं, धूळ फार आहे.

पिवळी केबल आजही निघालेली.

सोमवार, ३ नोव्हेंबर

केबल कोण काढतं ते कळलं. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइल विसरला म्हणून मागे फिरले. काकू रॅकमागे वाकल्या होत्या. चिमटी दाबून टोक काढलं, दुमडलं, पदरानं पुसून जागेवर ठेवलं. माझ्याकडे पाहून त्या ओशाळल्याही नाहीत. म्हणाल्या, ही लागली की तू जाशील. मग माझा पोरगा कुणासंगं बोलंल?

मला राग यायला हवा होता. मी भ्यायले.

मग वजनकाट्यावर गेले. तिथले कुंडलिकतात्या निवृत्तीला आलेत, मोजकं बोलतात. मी सरळ विचारलं की ज्ञानेश कसा गेला. त्यांनी आधी काट्यावरचा ट्रॅक्टर पुढे जाऊ दिला. मग सांगितलं.

त्या दिवशी नेटवर्क पडलं. ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत. मालक पाहुण्यांसमोर युवराजदादांना नको ते बोलले. दादा खोलीत गेले, ज्ञानेशचा मोबाइल काढून घेतला आणि बाहेरून कडी लावली. म्हणाले, लागलं की दार वाजव. मग गेस्ट हाउसवर पाहुण्यांच्या पंगतीला गेले, आणि विसरले. ज्ञानेशनं वाजवलं असेल. मिल सुरू झाल्यावर कुणाला काय ऐकू येतंय. दुपार कलल्यावर दादांना आठवण झाली. पोरगा कीबोर्डवर गाल टेकून पडलेला. उचलायला तात्या आत गेले होते, तर त्यांचेच पाय लटपटले, जिभेवर आंबट आलं.

“मॅडम, हार्ट न्हाय, काय न्हाय,” तात्या म्हणाले. “टाक्यांतला ग्यास त्या भोकातनं आत आला. जड असतो त्यो, खाली साठतो. टाकीत उतरायच्या आदी आमी दिवा सोडतो, इझला तर माणूस उतरत न्हाय. ते भोक आमीच रातोरात सिमेंटनं बुजवलं. म्हाळसाला कुणी सांगितलं न्हाय. काय सांगायचं?”

ते भोक मी फोडून घेतलंय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज टाक्या भरायला सुरुवात झाली. भिंतीला कान लावला की आत बुडबुडे ऐकू येतात.

युवराजदादांकडे गेले. डक्ट परत बुजवायला गवंडी मागितला. का, असं त्यांनी विचारलं. मी गॅसचं बोलले. ते हसले. म्हणाले, मॅडम, तुम्हीच फोडायला लावलं, तुम्हीच बुजवायला सांगता. गवंडी मंडपाच्या कामावर आहेत, हंगाम सुरू होऊ दे. नंतर काजू कतलीचा बॉक्स माझ्यासमोर सरकवला. कुणी सांगितलं एवढं मात्र विचारलं. मी नाव सांगितलं नाही.

केबलीभोवती पोत्याचे तुकडे कोंबून, वरून प्लास्टिक गुंडाळून डक्ट मीच बंद केला. घट्ट बसलाय. तोंडाजवळ काडी धरून पाहिली. जळत राहिली.

बाबांना थोडं सांगितलं. ते म्हणाले, आत्ता निघ. बाबा कधी असं बोलत नाहीत. गुरुवारी मोळीपूजन आहे, त्या दिवशी साइटवर असणं करारातच आहे. गुरुवारी संध्याकाळी निघते म्हटलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काकूंना सांगितलं की आता वाचणार नाही. उद्या जातेय.

त्यांनी ऐकून घेतलं. भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, एकच विचार. जाताना त्यानं मला हाक मारली व्हती का? मी घरी व्हते, कण्या शिजवत व्हते. मला ऐकू आली न्हाय.

खरं सांगायला तोंड उघडलं. पण खरं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. दार, दादा, श्वास. आणि मग इतके दिवस मी काय वाचत होते, तेही.

म्हटलं, नाही काकू. झोपेतच गेला.

त्यांच्या हातातली भाकरी फाटली. पुन्हा गोळा केला. माझं ताट माझ्याकडे न बघताच पुढे सरकवलं. मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळ

सगळं व्यवस्थित. मंडप, रांगोळी, बँड. काट्यावर पावत्या निघताहेत. पेटी भरून ठेवली आहे. ही डायरी पिशवीत. संध्याकाळी बारामती, तिथून पुणे.

तोच दिवस, नंतर

मोळी टाकायच्या वेळेला नेटवर्क पडलं.

पिशवी खांद्याला तशीच, पळत खोलीत आले. निळी लावली, राउटर जागा आहे, ठणठणीत आहे. बाहेरून येणारी लाइन मेली आहे. मंडपाच्या खांबासाठी जेसीबीनं खड्डे काढले, त्यात फायबर तुटली असणार, दुसरं काही नाही. युवराजदादा मागे येऊन उभे होते. त्यांना हेच सांगितलं. केबल बाहेर तुटली आहे, इथं बसून काही होणार नाही, मला रस्त्यावर जाऊ द्या.

ते चिडले नाहीत. म्हणाले, मॅडम, गेल्या वर्षीही हेच सांगत होता तो. माझ्या हातातून मोबाइल घेतला, ‘लक्ष लागत नाही यानं’ असं म्हणाले. पायानं वीट सरकवली.

“लागलं की दार वाजवा.”

कडी.

नंतर

मॅनेजमेंटच्या केबलीवरून पुण्याला कळवता येईल. ती लाइन वेगळी आहे, सिमकार्डावरची. रॅकमागे गेले.

केबल नाही. टोक काढलेलं नाही, अख्खी केबलच नाही. पलीकडून ओढून नेली आहे. केबलीबरोबर पोत्याचे तुकडे, प्लास्टिक, सगळं निघून गेलं. जमिनीलगत भोक उघडं. हात धरला तर गार झुळूक लागते.

ओढणी कोंबली. पुरत नाही. खाली केबलींच्या नाल्याच्या झाकणांना फटी आहेत, तिथूनही येतंय.

बाहेर मिल सुरू झाली. जमीन हादरते. दार वाजवते, पण हा आवाज मंडपापर्यंत जाणं शक्य नाही.

नंतर

दाराच्या फटीशी पदर दिसला, शेजारी पिवळ्या केबलीचं वेटोळं. काकू आहेत. बाहेर बसल्या आहेत. दादांनी बसवलंय, मी सांगेपर्यंत उघडू नको म्हणाले.

फटीला तोंड लावून ओरडले. काकू, कडी काढा. गॅस आहे. ज्ञानेश यानंच गेला.

त्या म्हणाल्या, हार्टनं गेला. डॉक्टरनी लिवून दिलंय. तूच सांगितलंस, झोपंत गेला.

मी खोटं सांगितलं काकू. सगळं खोटं.

त्या फटीशी सरकल्या. मग त्यांनी विचारलं, आलाय का त्यो?

नंतर

जिभेवर आंबट. डोकं ठणकतंय. टेबलावर खुर्ची ठेवून वर बसले आहे, लॅपटॉप मांडीवर. निळी केबल जेमतेम पुरते. वर थोडं बरं आहे. पळत आल्यासारखा श्वास चालतोय, मी तर बसलेली आहे.

तो आलाय. आज नुसते शब्द नाहीत. ‘आई दार उघड.’ खाली चूक. ‘आई तिला सोड.’ चूक. ‘आई उघड.’ चूक. चूक. चूक.

सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्षर न अक्षर. पहिल्यांदाच खरं वाचलं.

काकू म्हणाल्या, माझा पोरगा असं बोलत न्हाय. तो मला दुखत न्हाय म्हणतो, जेवलो म्हणतो. तू तुझ्यासाठी बोलतीयास.

मी म्हटलं, तो हाक मारतोय तुम्हाला. तेव्हाही मारली होती.

त्या रडताहेत. ऐकू येतं. बांगड्या दारावर आपटल्या. उठल्या वाटतं—

नाही. बसल्या.

म्हणतात, काल न्हाय म्हणालीस. आज व्हय म्हणतीस.

नंतर

बँड थांबला. जेवणं असतील.

ओळी वाकड्या येताहेत—

काकू म्हणाल्या, एक गोष्ट विचार. ल्हानपणी तो मला काय म्हणायचा. आई न्हाय, दुसरं. ते माझं मला आणि त्याला ठावं. ते सांगितलंस तर काढते कडी. दादा काय करायचं ते करू दे.

विचारलं.

काही येत नाही. ठिपका लुकलुकतोय.

ज्ञानेश, लिही. लिही रे—

—

लिहितोय. हळू. एक अक्षर, मग थांबतो. त्यालाही श्वास—

‘ब’

‘बय’

पुढे आहे अजून— डोळ्यांपुढे अंधारी— दोनदा वाचलं—

‘बयडू’

बयडू. बयडू काकू. बयडू—

फटीपर्यंत खाली उतरायला हवं— खाली तर तो साठलाय— इथूनच ओरडते—

ती विचारते काय म्हणाला.

सांगितलं.

मोठ्यानं बोल म्हणते, मिलचा आवाज हाय. गप का झालीस म्हणते. सांग की पोरी—

मी सांगतेय. केव्हाची सांगतेय, आवाज फुट— ती परत विचारते, काय म्हणा